लॅपटॉप का तापतो?

मुलीच्या शिक्षणासाठी आपण लॅपटॉप घ्यायला जातो. दुकानदार म्हणतो, "हा घ्या, ४ गिगाहर्ट्झचा!" प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. १ गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचे सेकंदाला १०० कोटी ठोके. ऐकून आपण भुलतो. आम्हीही भुललो होतो. पण हा आकडा बहुधा थोडाच वेळ टिकणाऱ्या वेगाचा असतो. भरल्या गाडीचा बैल चढावर किती वेळ पळेल? जड काम लागले की प्रोसेसर तापतो. सुमारे १०० अंशांवर गेला, की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. मग जादा पैसे कशाला मोजले? मूळ वेग किती, तेही विचारावे. पत्र लिहायला, धडे पाहायला मध्यम वेग पुरतो. आणि हो, लॅपटॉप गोधडीवर ठेवू नये. खालची वाऱ्याची भोके बुजतात. पाटावर ठेवावा.