मोहर्लीला आलात, मग राजधानी बघून जा

उन्हाळ्याच्या सुट्टीत किती तरी कुटुंबं मोहर्लीला येतात. ताडोबाचं हे सगळ्यात गजबजलेलं प्रवेशद्वार. पहाटे जिप्सी, दुपारी पुन्हा जिप्सी, वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर वाटभर कुरकुर. आणि मग गाडी थेट नागपूरला. जवळच जे चंद्रपूर आहे, तिथं बहुतेक जण फक्त पेट्रोल भरतात. ते शहर तीन शतकांच्या आसपास एका राज्याची राजधानी होतं, हे मुलांना कोणी सांगतच नाही. सुट्टीत राजधानी बघायची म्हटलं की आपल्याला दिल्ली नाहीतर रायगड आठवतो.

खरं म्हणजे राजधानीची खूण जंगलातच भेटते. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेला ठरावीक अंतरावर दगडी खांब उभे दिसतात. ते गोंड राजांच्या काळचे. खांबांवरून दोर नेऊन घंटा वाजवत निरोप पुढे पाठवायचे, असं इथले गाइड सांगतात. ते तसंच होतं की नाही यावर घरी वाद घालू द्या पोरांना. पण एवढ्या दाट रानात ओळीनं खांब उभे करायला कोणाची तरी सत्ता लागते, माणसं लागतात, कारण लागतं. ती सत्ता कुठं बसायची? उत्तर तासाभराच्या रस्त्यावर आहे.

मोहर्लीहून पद्मापूर, दुर्गापूर करत शहरात शिरलात की तुकूम नावाची वस्ती लागते. पाटी वाचायला सांगा मुलांना. गोंड राज्यात जो स्वतःच्या मेहनतीनं तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळायची. अशा जमीनधारणेला तुकूम म्हणत. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही गावोगावी मामा तलाव आणि त्यांच्याखाली धानाची बांधी दिसते, त्यामागे हे जुनं शहाणपण आहे. लढायांच्या सनावळीपेक्षा हे एक नाव मुलांना राज्यकारभार जास्त शिकवतं, असं माझं मत आहे.

पुढे जटपुरा गेट. इथं थांबाच. गाड्या बाजूला लावायला जागा मिळत नाही, हॉर्नचा कल्लोळ असतो, तरी थांबा. गोंडांची राजधानी आधी सिरपूरला, मग बल्लारपूरला होती. खांडक्या बल्लाळशहा या राजानं ती इथं आणली, साधारण पंधराव्या शतकाच्या शेवटी. परकोटाचं काम त्यानं सुरू केलं आणि पुढच्या पिढ्यांनी पूर्ण केलं. भिंतीचा घेर ११ किलोमीटरच्या आसपास आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. दरवाजावर मान वर करून बघा : हत्तीवर झडप घालणारा सिंह कोरलेला आहे. ते गोंड राजांचं चिन्ह. मुलांना वहीत ते काढायला लावा, फोटो काढून भागत नाही. काढताना नजर थांबते.

दरवाजांशिवाय पाच खिडक्या आहेत, म्हणजे लहान वाटा : चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. पाचवीच्या वर्गात ही नावं नुसती फळ्यावर लिहिली तरी तास रंगतो. मसाण खिडकीतून कोण जात असेल? चोर खिडकी कोणासाठी ठेवली असेल? शहर कसं जगत होतं ते या नावांत शिल्लक आहे. आणि भिंत नुसती शत्रूसाठी नव्हती हो. गावाच्या एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट. मोठ्या पावसाळ्यात पठाणपुरा गेटाबाहेर पाणी चढतं तेव्हा हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

शहर वसलं कसं, याची गोष्ट इथल्या आज्या सांगतात. राजा शिकारीला गेला, तर ससाच कुत्र्याच्या मागे लागलेला! सशाच्या कपाळावर चंद्रासारखा ठिपका. राणी म्हणाली, ही जागा शूर आहे, इथंच नगर वसवा. आता गंमत बघा, कुत्र्यावर उलटलेल्या सशाची अशीच गोष्ट विजयनगरची सांगतात आणि अहमदाबादचीही. मोठ्या मुलांना विचारा, इतक्या लांबच्या तीन शहरांची एकच गोष्ट का? दंतकथा आणि इतिहास यातला फरक शिकवायला याहून सोपा धडा मला तरी सापडलेला नाही.

मग अंचलेश्वर मंदिर आणि शेजारचं बीरशहाचं समाधीस्थळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बीरशहा मारला गेला. राणी हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं, तो लहान असताना राज्य स्वतः चालवलं आणि नवऱ्याची ही समाधी बांधली. ताजमहाल राजानं राणीसाठी बांधला हे प्रत्येक पोराला पाठ असतं. इथं राणीनं राजासाठी बांधलंय, आणि ते आपल्याच जिल्ह्यातल्या मुलींना ठाऊक नसतं. जवळच्या महाकाली मंदिराची आजची वास्तूही हिराईच्याच काळातली मानतात. चैत्रातल्या यात्रेला मराठवाड्यातून लोकांचे जथ्थे येतात, तेव्हा मात्र गर्दीत लेकरं सांभाळावी लागतील.

वेळ असेल तर लालपेठकडच्या अर्धवट राहिलेल्या प्रचंड मूर्ती बघा. दहा तोंडांच्या मूर्तीला लोक रावण म्हणतात, ती दशमुखी दुर्गा आहे.

राज्य संपलं कसं, हेही सांगायला हवं. १७५१ मध्ये नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं. १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफांनी तट फोडून ते जिंकलं. चांद्याचं चंद्रपूर १९६४ मध्ये झालं, आणि १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा निघाला. मोहर्लीच्या आसपासच्या शाळांत गोंड मुलं आहेत. त्यांची आडनावं आत्राम, मडावी, कोडापे. जंगलातल्या लोकांची राज्यं नव्हती, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नसतं, पण न लिहिल्यानंही तेच पोचतं. त्या मुलांना भिंतीवर हात ठेवू द्या. परकोटावर झाडं उगवली होती, कचरा साचला होता. २०१७ पासून इको-प्रोच्या स्वयंसेवकांनी श्रमदान करून बराच भाग मोकळा केला, हेही त्याच वेळी दाखवता येतं.

मंगळवारी ताडोबा बंद असतो. मोहर्लीत मुक्काम असेल तर तोच दिवस धरा. मे महिन्यात सकाळी सातलाच जटपुऱ्याला पोचा, अकरानंतर चंद्रपूरचा दगड हात लावू देत नाही. पाण्याच्या बाटल्या, टोपी, दुपट्टा, आणि प्रत्येकाजवळ एक पेन्सिल.