दोन ओळी कशावर छापायच्या?

गावात एखादा माणूस कविता करतो हे एकदा कळलं की दुकानदार मंडळी त्याला सोडत नाहीत. नवं दुकान असो, लग्नसराई असो की दिवाळीची भेट असो, कोणीतरी येतंच. "चाचा, पिशवीवर छापायला दोन ओळी लिहून द्या नं!" मीही देतो. मानधनात कधी चहा मिळतो, कधी पावशेर चिवडा. मात्र अलीकडे मी आधी एक प्रश्न विचारतो, "छापणार कशावर?"

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "कापडी पिशवीवर." आणि पिशवी बघावी तर ती कापडाची नसतेच. लाल, हिरव्या, निळ्या रंगाची, हाताला कापडासारखी लागणारी ही पिशवी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकच्याच तंतूंची असते. खात्री करायची तर एक कोपरा कापून काडीपेटीनं पेटवून बघा. सूत असेल तर जळून राख होईल, प्लास्टिक असेल तर वितळून कडक गोळी होईल. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. ३१ डिसेंबर २०२२ पासून प्लास्टिकची पिशवी १२० मायक्रॉनहून पातळ चालत नाही. कायदा असा कडक होत गेला, तशी प्लास्टिकनं कापडाचं सोंग घेतलं, एवढंच.

दुसरं सोंग 'कंपोस्टेबल' पिशवीचं. ही पिशवी खोटी नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असलेली पिशवी खरोखर कुजते, पण खतकारखान्यातल्या साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत. इरईच्या पात्रात किंवा रस्त्याकडेच्या नालीत तेवढी ऊब तिला कोण देणार? आपल्या गावात असा कारखाना नसेल, तर त्या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत, असं माझं मत आहे.

मग खरी सुती पिशवी घ्यावी का? जरूर घ्यावी, पण तिचाही हिशेब आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेनं २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कापूस पिकवण्यापासून पिशवी शिवण्यापर्यंतचा खर्च पाहता, हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं तर, सुती पिशवी १३१ वेळा वापरली तरच ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. एकशे एकतीस वेळा! म्हणजे पिशवी अशी हवी, की घरची बाई ती रोज बाजारात न्यायला लाजणार नाही. दोन्ही अंगांना दुकानाचं नाव, मालकाचा फोटो आणि चार मोबाइल नंबर असलेली पिशवी कोण मिरवेल? नाव कोपऱ्यात, बोटभर असू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं बघा. ते बारा महिने टिकतं, कारण त्यात दुधाचा हिशेब लिहिता येतो. जाहिरात त्या हिशेबाच्या आडोशानं जगते.

याच्या उलट उदाहरण माझ्या घरात आहे. कविसंमेलनांतून मिळालेली फायबरची, प्लास्टिकची स्मृतिचिन्हं कपाटात दाटीवाटीनं उभी आहेत. त्यांत ना पाणी पिता येतं, ना पेन ठेवता येतं. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, पण वस्तू निरुपयोगी असते.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत तर दूर जायचीही गरज नाही. बांबू आपल्या दाराशी आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. टोपली, पेनदाणी, ट्रे, दिव्याची झुंबरं, काय हवं ते आपल्याकडचे हात करू शकतात. पण या बांबूला एक इतिहास आहे, तो खरेदी करणाऱ्याला माहीत असावा. वर्षानुवर्षं गडचिरोलीच्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीत जात राहिला आणि जंगलात राहणारा माणूस त्यावर हक्क सांगू शकत नव्हता. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाड ठरवलं होतं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज मानलं. तरी तो विकायला लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं चिकाटी सोडली नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हा बांबूची वस्तू घेताना 'बांबूची आहे ना' एवढंच विचारून भागत नाही. बांबू कुठल्या रानातला, वस्तू कोणी केली आणि करणाऱ्याच्या हातात किती पडले, हेही विचारावं. बुरडाच्या टोपलीसाठी दहा रुपयांची घासाघीस करायची आणि तीच टोपली शहरातल्या दुकानातून चौपट भावानं आणायची, ही आपली जुनी खोड आहे.

वस्तू पक्की आहे का, हे बघणंही तितकंच महत्त्वाचं. बांबूत पिष्ट असतं, ते खायला भुंगा येतो. कच्च्या बांबूची भेटवस्तू दिली तर वर्षभरात तिच्यातून पिवळं पीठ गळू लागतं आणि दुकानाचं नाव त्या पिठासोबत कचऱ्यात जातं. जुने लोक बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवत, म्हणजे पिष्ट निघून जाई. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवतात. मात्र असं औषध दिलेल्या टोपलीत फराळ थेट ठेवू नये, आत पान किंवा स्वच्छ कापड घालावं. वरून प्लास्टिकचा चकचकीत कागद गुंडाळू नये, हे सांगायला नको. पण सांगावं लागतं.

पानावरून आठवलं. लहानपणी आम्हाला दर्ग्यावरची शिरनी पळसाच्या दोन्यात मिळायची, आणि महाकालीच्या यात्रेतला प्रसादही तशाच दोन्यात. पळसाची पानं बांबूच्या बारीक काडीनं टाचली की झाली पत्रावळ. सुकवून ठेवायची, वापरण्याआधी पाणी शिंपडायचं. मग आमच्या मोहल्ल्यातल्या दावतीत आणि शेजारच्या लग्नात थर्माकोल एकाच वेळी आला. मिठाईवाल्यांनी आणि खानावळवाल्यांनी पुन्हा पानांकडे वळायला हरकत नाही. कागदी कप मात्र निर्धोक समजू नका, त्याला आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. आणि हे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्यात भजी बांधू नका. छपाईची शाई पोटात जाते, म्हणून २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याला मनाई केली आहे.

हे सगळं कशासाठी, असं कोणी विचारलं तर २०२४ च्या फेब्रुवारीत गाजलेली चित्रफीत आठवावी. ताडोबाच्या निमढेला बफर भागात पाणवठ्यावरची प्लास्टिकची बाटली तोंडात धरून वाघ चालला होता. बाटलीवर कुठल्या कंपनीचं नाव होतं, ते मला दिसलं नाही. पण जाहिरात कुठवर जाते बघा!

दिवाळीसाठी बांबूच्या टोपल्या हव्या असतील तर एक व्यवहाराची गोष्ट. पावसाळ्यात बांबूला नवे कोंब येतात, आपण त्यांना वास्ते म्हणतो. म्हणून त्या महिन्यांत तोड बंद असते. विणणाऱ्याला ओला बांबू लागतो, सुकलेला नीट चिरत नाही. तेव्हा मागणी उन्हाळ्यातच द्या, थोडे पैसे आगाऊ द्या आणि टोपलीवर नाव रंगवू नका. जाड कागदाची चिठ्ठी सुतानं बांधली की पुरे. चिठ्ठीवरच्या दोन ओळी मी लिहून देईन.