पेन्शनपुरा : परभणी जिल्ह्यातील सैनिक आणि शासकीय मान्यतेचा प्रश्न

हिंगोली शहरातील काही वस्त्यांची नावे अभ्यासकाचे लक्ष वेधून घेणारी आहेत : रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, सदर बाजार आणि पेन्शनपुरा. हे शहर १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. तोपर्यंत ते परभणी जिल्ह्यात मोडत होते. एकोणिसाव्या शतकात तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ साली ती उठली. घोडदळ गेले, तोफा गेल्या, पलटणी गेल्या. परंतु नावे मागे राहिली. या नावांपैकी पहिली चार कोणत्याही छावणीच्या गावी आढळावीत अशी आहेत. पाचवे मात्र वेगळ्या प्रकारचे आहे. ज्यांची चाकरी संपली आहे परंतु ज्यांचे सरकारशी असलेले नाते संपलेले नाही, अशा माणसांची वस्ती त्या नावाने सूचित होते. प्रस्तुत लेखाचा विषय हे नातेच होय.

निवृत्त सैनिकास शासनाने मान्यता द्यावी, त्याच्या उपजीविकेची तरतूद करावी, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. त्यामुळे या विषयावरील लेखन बहुधा योजनांच्या याद्या देण्यात किंवा कृतज्ञता व्यक्त करण्यात खर्ची पडते. मूळ प्रश्न मात्र निराळा आहे. मान्यता मिळण्यासाठी दोन गोष्टी अस्तित्वात असाव्या लागतात : एक, त्या सैनिकाचे दायित्व आपले आहे असे मानणारे सरकार, आणि दोन, तो सैनिक होता हे सांगणारी नोंद. यांपैकी एक जरी तुटली तरी शौर्य, सेवा आणि जखमा या केवळ घरगुती आठवणी होऊन राहतात. परभणी जिल्ह्याच्या इतिहासात हे दोन्ही धागे वारंवार तुटले आहेत, म्हणूनच या प्रश्नाच्या अभ्यासास हा जिल्हा विशेष उपयुक्त ठरतो.

कंटिंजंटची हकिगत थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. निजामाच्या सेवेत परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या या फौजेचा उगम रेसिडेंट हेन्री रसेल याने उभारलेल्या ब्रिगेडमध्ये व एलिचपूरच्या पलटणींमध्ये आहे. फौज निजामाची, हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाच्या खजिन्यातून, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. पगार थकत गेले आणि त्यांपायी कर्ज वाढत गेले. अखेर १८५३ च्या तहाने या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रदेश इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. यांपैकी शेवटचे दोन १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. म्हणजे हिंगोलीच्या शिपायाचा पगार आणि पेन्शन यांचा भार वऱ्हाडच्या कापसाच्या जमिनींवरील साऱ्याने उचलला, असे म्हणण्यास हरकत नाही. सैनिकाचे दायित्व कोणी उचलावे या प्रश्नावर एक सबंध प्रांत हातचा जावा, असे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडेल.

कंटिंजंटच्या घोडदळात शिलेदारी पद्धत होती. स्वार आपला घोडा व सरंजाम स्वतः आणी. सरकार त्यास ठरावीक मासिक वेतन देई. स्वाराच्या या जागेस ‘असामी’ म्हणत, आणि तिला मोल होते. सधन शिलेदाराच्या अनेक असामी असत व त्यांवर बारगीर चाकरी करीत. चाकरी सोडताना स्वार आपली असामी विकून पैसा उभा करू शके. निवृत्तीची तरतूद अशा रीतीने त्याच्या स्वतःच्या भांडवलात होती. घोडा मेला तर भांडवलच बुडे, ही गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धात ही पद्धत निरुपयोगी ठरली आणि युद्धानंतर ती मोडीत निघाली. पायदळाच्या शिपायाकडे विकण्यासारखे काहीच नव्हते. त्याचा सारा भरवसा पेन्शनवर, म्हणजे सरकारच्या शब्दावर आणि कारकुनाच्या नोंदवहीवर होता. पेन्शनपुरा हे नाव वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

मान्यतेची दुसरी बाजूही येथेच दिसते. जानेवारी १८१९ मध्ये निजामाच्या फौजेने मेजर पिटमन याच्या नेतृत्वाखाली नोव्हा येथील गढीस वेढा घातला व महिनाअखेर ती घेतली. गढी लढविणारे हटकर नाईक याच मुलखातील होते. या कामगिरीबद्दल ‘नोव्हा’ हे नाव कंटिंजंटच्या काही पलटणींच्या युद्धसन्मानांत दाखल झाले. मुंबईच्या किंवा मद्रासच्या वाचकास ते एका अपरिचित खेड्याचे नाव वाटेल. परंतु या भागातील वाचकास प्रश्न पडतो की, हा सन्मान कोणी कोणास कोणाविरुद्ध दिला? स्वतंत्र भारताच्या सेनेने देशबांधवांविरुद्ध मिळालेले जुने सन्मान साजरे न करण्याचे धोरण स्वीकारले, ते योग्यच होय. मात्र त्यामुळे एक अडचण उरतेच. ज्या शिपायाने त्या तटावर जीव दिला, त्याने तो कोणासाठी दिला हे ठरविणे त्याच्या हाती कधीच नव्हते.

५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये वऱ्हाड पंचवीस लाख रुपये वार्षिक खंडाने इंग्रजांकडे कायमचे राहिले आणि पुढील वर्षी कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली. पायदळाच्या सहा पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक मिळाले. १९२२ साली त्यांतून १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. या रेजिमेंटमध्ये भरती होणारे लोक दीर्घकाळ उत्तरेकडील, विशेषतः कुमाऊँचे, असल्यामुळे २७ ऑक्टोबर १९४५ रोजी तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट असे झाले. पुढे तिचे केंद्रही रानीखेतला गेले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र ज्यांना मरणोत्तर मिळाले ते मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडले, ते चौथ्या कुमाऊँचे अधिकारी म्हणून. आणि ही चौथी कुमाऊँ म्हणजे १७८८ साली एलिचपूरच्या नबाब सलाबतखानाने उभारलेली पलटण होय. रेजिमेंटचा वारसा अशा रीतीने जपला गेला, पण तो हिमालयाच्या पायथ्याशी. दक्षिणेतील ज्या गावांत तिची बाल्यावस्था गेली तेथे फक्त वस्त्यांची नावे राहिली.

आता विसाव्या शतकाकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ब्रिटिश हिंदुस्थानात इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले आणि त्याच्या जोडीने जिल्हा मंडळांची व्यवस्था उभी राहिली. सातारा, रत्नागिरी यांसारख्या भरतीच्या जिल्ह्यांत निवृत्त सैनिकास अर्ज कोठे करावा हे त्यामुळे ठाऊक झाले. परभणी निजामाच्या राज्यात असल्याने या व्यवस्थेच्या बाहेर राहिली. मूळ मंडळाचे नाव १९५१ मध्ये बदलले व १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखले जाते. ७ डिसेंबर हा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. म्हणजे अखिल भारतीय व्यवस्था स्थिरावत होती त्याच सुमारास मराठवाडा एका राज्यातून दुसऱ्यात जात होता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी त्याचे सेनापती मेजर जनरल अल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. या पराभूत फौजेचे पुढे काय झाले? काही निवडक लोक भारतीय सैन्यात सामावले गेले. त्यांतील सर्वश्रुत उदाहरण लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांचे होय. हैदराबाद लान्सर्समधील हे अधिकारी १९५१ साली पूना हॉर्समध्ये आले आणि सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट क्षेत्रातील रणगाड्यांच्या लढाईत त्यांना वीरमरण आले. परमवीर चक्राने त्यांचा गौरव झाला. कालच्या शत्रुपक्षाच्या गणवेशातील मनुष्य आजचा राष्ट्रवीर होऊ शकतो, ही भारतीय गणराज्याच्या उदारतेची साक्ष खरी. परंतु ज्या साध्या शिपायांना घरी पाठविण्यात आले, त्यांच्या वाट्यास हे भाग्य आले नाही.

त्याच वेळी मराठवाड्यात ‘सैनिक’ या शब्दास दुसराच अर्थ प्राप्त झाला. निजामाविरुद्ध लढलेले ते स्वातंत्र्यसैनिक. केंद्र शासनाची त्यांच्यासाठीची निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली व पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सीमेवरील शिबिरांत काम केलेल्यांनाही तिचा लाभ मिळाला. पुराव्याच्या दृष्टीने ही तुलना उद्बोधक आहे. माजी सैनिकाचा पुरावा तो ज्याच्यासाठी लढला त्या सरकारच्या दप्तरात असतो. स्वातंत्र्यसैनिकाचा पुरावा तो ज्याच्याविरुद्ध लढला त्या सरकारच्या तुरुंगाच्या नोंदीत. भूमिगत राहिलेल्यांना तर तोही नाही. त्यांना सहकाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर विसंबावे लागले. शेजारच्या बीड जिल्ह्यातील संशयास्पद प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, त्याचे मूळ पुराव्याच्या या ठिसूळपणात आहे. खोट्यांना पेन्शन मिळाले याचा गवगवा झाला. कागदाअभावी किती खऱ्यांना ते मिळाले नाही, याची मोजदाद करण्यास कोणतेच साधन नाही.

मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. आज परभणी येथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे व ते पुण्यातील राज्य विभागाच्या अधीन काम करते. त्याचे काम बाहेरून दिसते त्याहून अधिक कागदोपत्री आहे. सैनिकाची मूळ नोंद त्याच्या दलाच्या अभिलेख कार्यालयात असते : मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, महार रेजिमेंटची सागरला, तोफखान्याची नाशिक रोडला. जिंतूर किंवा गंगाखेड तालुक्यातील विधवेचे सासरचे नाव या नोंदीत नसेल, किंवा जन्मतारीख आधारपत्राशी जुळत नसेल, तर पतीचे शौर्य तिच्या कामी येत नाही. लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलण्याची आपली रूढी आणि फलटणीच्या कारकुनाने एकदाच लिहून घेतलेले नाव, यांच्या विसंवादातून किती अर्ज परत आले असतील याची कल्पना करता येते.

कुटुंबनिवृत्तिवेतनाचे तीन प्रकार आहेत : साधारण, विशेष आणि उदारीकृत. सैनिक सेवेशी संबंध नसलेल्या कारणाने वारला तर पहिला. सेवेमुळे वारला तर दुसरा. युद्धात वा तत्सम कारवाईत पडला तर तिसरा. तिन्हींच्या रकमांत मोठे अंतर आहे, आणि कोणता प्रकार लागू हे मृत्यूनंतर तुकडीत तयार होणाऱ्या अहवालावर ठरते. अपंगत्वाचेही तसेच. विकार ‘सेवेमुळे उद्भवला अथवा वाढला’ असे सिद्ध व्हावे लागते. भरतीच्या वेळी विकाराची नोंद नसेल तर तो सेवेत जडला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्यास ते शासनाने सिद्ध करावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात दिला. पुराव्याचा भार सैनिकाच्या खांद्यावरून उतरविणारा हा निर्णय, प्रस्तुत लेखकाच्या मते, अनेक योजनांहून मोलाचा आहे.

राहिली ‘माजी सैनिक’ या संज्ञेची व्याख्या. केंद्राच्या सेवेत ‘क’ वर्गात दहा टक्के व ‘ड’ वर्गात वीस टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत. त्यामुळे व्याख्येतील एकेक शब्दावर नोकरी अवलंबून असते. १९७९ च्या नियमांतील व पुढील सुधारणांतील व्याख्या, स्थूलमानाने सांगावयाचे तर, निवृत्तिवेतन मिळविलेल्यांना, सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाने मुक्त झालेल्यांना, आणि ठरलेली मुदत पूर्ण करून उपदान घेऊन बाहेर पडलेल्यांना माजी सैनिक मानते. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने चार वर्षांच्या मुदतीचा सैनिक निर्माण केला. त्यांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत लोक कायम सेवेत घेतले जातात. इतरांना सेवानिधी मिळतो. परंतु निवृत्तिवेतन नाही आणि उपदानही नाही. सेवानिधी ही रक्कम उपदानाहून कितीतरी मोठी असेल, पण ते उपदान नव्हे. आणि योजनेच्या अटींनुसार या मुलांना माजी सैनिकाचा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी स्वतंत्र राखीव जागा जाहीर झाल्या आहेत; ती सवलत होय, संज्ञा नव्हे. परभणीच्या एखाद्या खेड्यातून भरती झालेला असा तरुण चार वर्षांनी परत येईल तेव्हा त्याच्या हाती सेवेचे प्रमाणपत्र असेल. जिल्हा कार्यालयाच्या माजी सैनिकांच्या नोंदवहीत मात्र, आजच्या नियमांप्रमाणे, त्याचे नाव लिहिण्यास रकाना नाही.