उतरंडीवरची रेल्वे : अ‍ॅलेघनी कॉर्पोरेशनची कहाणी

ओरिस आणि मॅन्टिस व्हॅन स्वेरिंजन हे ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडचे दोघे भाऊ. धंदा जमिनींचा. शहराबाहेर शेकर हाइट्स ही देखणी वसाहत त्यांनी उभी केली. तिथून शहराच्या मध्यात लोकल गाडी न्यायची, तर वाटेतली मोक्याची जागा निकेल प्लेट रेल्वेच्या ताब्यात. मक्तेदारीविरोधी कायद्याच्या दबावामुळे तिची मालक असलेल्या न्यू यॉर्क सेंट्रल या रेल्वेला ती विकायचीच होती. १९१६ मध्ये भावांनी ती ८५ लाख डॉलरला घेतली. लगेच भरायचे २० लाखही त्यांनी बँकेकडून उचलले होते.

इथवर सारे चांगलेच झाले. जॉन बर्नेट या जाणत्या रेल्वे अधिकाऱ्याच्या हाती निकेल प्लेट सुधारली, कमावू लागली. मग लेक एरी अँड वेस्टर्न, क्लोव्हर लीफ, कोळशाच्या वाहतुकीवर गब्बर झालेली चेसापीक अँड ओहायो, एरी, पेरे मार्क्वेट अशी खरेदी सुरू झाली. या मोठ्या रेल्वे एकत्र करण्याची योजना भावांनी आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढे ठेवली. १९२६ मध्ये आयोगाने ती फेटाळली. छोट्या भागधारकांवर तिच्यात अन्याय होत होता.

विलीनीकरणाचे दार बंद झाले, तेव्हा भावांनी होल्डिंग कंपनीची वाट धरली. आयोगाचा अधिकार रेल्वे चालवणाऱ्यांवर होता; रेल्वेचे शेअर नुसते बाळगणाऱ्या कंपनीवर नव्हता. जानेवारी १९२९ मध्ये मॉर्गन पेढीच्या मदतीने अ‍ॅलेघनी कॉर्पोरेशन जन्माला आली. एका कंपनीचे निर्णायक शेअर दुसरीकडे, दुसरीचे तिसरीकडे, अशी ही उतरंड होती. प्रत्येक थरावर पैसा जनतेचा, मते मात्र वरच्याची. अ‍ॅलेघनीच्या शेअरचा बाजारभाव ३५ डॉलरच्या आसपास असताना मॉर्गनने मर्जीतल्या बड्या लोकांना ते २० डॉलरला दिले. १९३३ च्या सिनेट चौकशीत या लोकांची यादी उघड झाली आणि देश संतापला.

अ‍ॅलेघनीने मिसुरी पॅसिफिकही ताब्यात घेतली, तोवर मंदी आली होती. उतरंडीचा सारा भार खालच्या रेल्वेंच्या लाभांशावर होता. मालवाहतूक घटली, लाभांश आटले, वरच्या कंपन्यांच्या कर्जाचे व्याज मात्र चालूच राहिले. १९३३ मध्ये मिसुरी पॅसिफिक दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने रेल्वेच्या होल्डिंग कंपन्या आयोगाच्या कक्षेत आणल्या. सप्टेंबर १९३५ मध्ये मॉर्गनने भावांचे कर्जापोटीचे तारण लिलावात काढले. सुमारे ४८ हजार किलोमीटर रेल्वेवर हुकूमत गाजवणारे शेअर जेमतेम ३१ लाख डॉलरला गेले. डिसेंबरात मॅन्टिस वारला, पुढच्या नोव्हेंबरात ओरिस.

१९३७ मध्ये अ‍ॅलेघनी रॉबर्ट यंग या गुंतवणूकदाराच्या हाती आली. डुकरे गाडी न बदलता अमेरिका ओलांडतात, मग प्रवाशांना शिकागोत का उतरावे लागते, असा सवाल १९४६ च्या जाहिरातीत करून त्याने सामान्यांची मने जिंकली. १९५४ मध्ये भागधारकांची मते वळवून त्याने न्यू यॉर्क सेंट्रल काबीज केली. पण ट्रक आणि विमाने रेल्वेचा धंदा ओढून नेत होती. जानेवारी १९५८ मध्ये लाभांश थांबला. त्याच महिन्यात यंगने आत्महत्या केली. सेंट्रल पुढे पेन सेंट्रलमध्ये विलीन झाली आणि १९७० मध्ये तिने दिवाळे काढले. ती तोवरची अमेरिकेतली सर्वांत मोठी दिवाळखोरी होती.

अ‍ॅलेघनी मात्र तरली. रेल्वे सोडून ती विम्यात शिरली आणि २०२२ मध्ये बर्कशायर हॅथवेने तिला ११६० कोटी डॉलरला विकत घेतले. निकेल प्लेटचा वारसा आज नॉरफोक सदर्नकडे आहे, चेसापीकचा सीएसएक्सकडे.

व्हॅन स्वेरिंजन बंधूंना रेल्वेची दृष्टी नव्हती, असे कोणी म्हणू नये. निकेल प्लेट सुधारली ती त्यांच्याच काळात. पण त्या कमाईवर वरच्या कर्जाचा डोळा राहिला, आणि वाईट दिवसांसाठी हाताशी काही उरले नाही. म्हणून रेल्वेचा मालक सरकार असो की सावकार, त्याला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे : गाडीने मिळवलेल्या पैशावर पहिला हक्क रुळांचा आहे, की वर बसलेल्या घेणेकऱ्याचा?