एफएमजीई : ऐकीव गोष्टी आणि खरी परीक्षा

नीटमध्ये थोडक्यात सरकारी कॉलेज हुकतं, खासगी कॉलेजची फी ऐकून घरचे गप्प होतात आणि मग कुणीतरी जॉर्जियाचं नाव काढतं. लातूर-नांदेडपासून जळगाव-धुळ्यापर्यंत हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्स, जिथं जमेल तिथं मुलं एमबीबीएसला जातात. पाच-सहा वर्षांनी परत आल्यावर त्यांच्यापुढे एक परीक्षा उभी असते : फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन, म्हणजेच एफएमजीई. परदेशातली वैद्यकीय पदवी घेऊन भारतात प्रॅक्टिस करायची असेल, तर ती द्यावीच लागते. २००२ पासून ही पद्धत आहे आणि परीक्षा नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्स घेतं. ती वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबर अशा दोन सत्रांसाठी.

या परीक्षेबद्दल पालकांना एजंटाकडून कळतं आणि मुलांना सीनिअर्सकडून. दोघांचंही बरंचसं ऐकीव असतं.

सगळ्यात पसरलेली समजूत अशी की निकाल आधीच ठरलेला असतो. सरकारला परदेशातून आलेले डॉक्टर नकोच आहेत, म्हणून ठरावीक टक्के मुलं पास करायची आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं. वस्तुस्थिती एवढीच आहे की प्रश्न ३००, गुण ३००, आणि १५० मिळाले की पास. यात मेरिट लिस्ट नाही, जागा मोजून दिलेल्या नाहीत, शेजारी बसलेल्याला किती पडले याचा आपल्या निकालाशी काही संबंध नाही. सगळ्यांना दीडशे पडले तर सगळे पास. निकालाचे आकडेही हेच सांगतात. जून २०२३ मध्ये जेमतेम १० टक्के पास झाले, डिसेंबर २०२४ मध्ये २९ टक्क्यांच्या आसपास, जून २०२५ मध्ये पुन्हा १८-१९ टक्के. कोटा असता तर आकडा असा वरखाली झाला नसता.

शिवाय हे टक्के वाचतानाही एक चूक होते. परीक्षेला किती वेळा बसावं याला मर्यादा नाही. त्यामुळे प्रत्येक सत्रात नव्यांबरोबर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या प्रयत्नाला बसलेले रिपीटर असतात आणि नापास झालेला पुढच्या सत्रात पुन्हा मोजला जातो. ‘शंभरातली वीसच मुलं डॉक्टर होतात’ असा अर्थ त्यातून निघत नाही. अर्थात म्हणून चित्र गुलाबी आहे असंही नाही.

परीक्षेला निगेटिव्ह मार्किंग नाही, ही गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक असूनही तिचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. डोळे मिटून सगळीकडे एकच पर्याय टिक केला तरी सरासरी ७५ गुण पडतात. म्हणजे खऱ्या अर्थाने मिळवायचे आहेत ते दीडशेतले उरलेले. आणि तरीही प्रत्येक सत्रात बहुतेक उमेदवार अडतात. याचं कारण प्रश्नांच्या काठिण्यात शोधण्यापेक्षा तयारीत शोधावं, असं माझं मत आहे.

तयारी का कमी पडते? इथे दुसरी समजूत आडवी येते : ‘मेडिकल सगळीकडे सारखंच असतं.’ शरीररचना सारखी असते, हे खरं. हृदय जॉर्जियातल्या तिबिलिसीतही डावीकडेच असतं. पण परीक्षेतली भारतीय माती कुठे आहे हे पाहायचं, तर एखादा प्रश्न जवळून बघावा लागतो. समजा असा प्रश्न आला : शेतमजूर, वय अठ्ठावीस, रात्री जमिनीवर झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. थोड्या वेळाने पापण्या उघडेनात, गिळता येईना. अंगावर चाव्याची खूण नाही, सूज नाही. ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिप केलेला मुलगा पर्याय वाचायच्या आधीच मण्यार म्हणेल. पोटदुखी आणि मिटत जाणाऱ्या पापण्या हे त्याने कधीतरी ड्यूटीवर पाहिलेलं असतं, निदान सिस्टरकडून ऐकलेलं असतं. तिबिलिसीच्या वॉर्डात मण्यार चावलेला पेशंट येत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते, हेही तिथल्या मुलाला पुस्तकातूनच घ्यावं लागतं. तीच गोष्ट विंचवाची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवता येतात हे दाखवून दिलं. इथल्या मुलांच्या कानावर ते वर्गात पडतं. फवारणीचं औषध पोटात गेलेला शेतकरी, त्याच्या टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या, तोंडाला आलेला फेस आणि अ‍ॅट्रोपिनचे डोस, हे विदर्भातल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयातलं नेहमीचं काम. मॉस्कोत ते अपवादाने.

याहून फसवी असते ती अर्धवट सारखी दिसणारी माहिती. क्षयरोगाचं उदाहरण घ्या. पहिले दोन महिने चार औषधं, हे जगभर सारखं. पुढच्या चार महिन्यांसाठी जगातली बहुतेक पुस्तकं दोनच औषधं सांगतात, आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या चार महिन्यांतही इथॅम्ब्युटॉल चालू राहतं, म्हणजे औषधं तीन. परदेशात मन लावून शिकलेला, चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी इथे छातीठोकपणे चुकीचा पर्याय निवडतो. गोवराच्या लशीचंही तेच : रशियाच्या वेळापत्रकात ती वर्षाच्या बाळाला, आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर.

राष्ट्रीय कार्यक्रम आणि लसीकरण हे पीएसएममध्ये, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनमध्ये येतं आणि त्या एका विषयाला ३० गुण आहेत. स्त्रीरोग-प्रसूतीला ३०, सर्जरीला ३२, मेडिसिनला ३३. म्हणजे ज्या विषयाला तिकडे फारसं कुणी विचारत नाही, त्याचं वजन इकडे जवळजवळ मेडिसिनइतकं आहे. पार्क यांचं या विषयाचं जाडजूड पुस्तक पहिल्यापासून जवळ ठेवणारा मुलगा इथे पुढे जातो. न्यायवैद्यकाला १० गुण आहेत, पण त्यातला कायद्याचा भाग पूर्ण भारतीय. तिथे आणखी एक पेच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. सीनिअरकडून मिळालेल्या झेरॉक्स नोट्समध्ये खुनाचं कलम ३०२ आणि पोलिसांच्या इन्क्वेस्टचं १७४ लिहिलेलं असतं. आता ती कलमं १०३ आणि १९४ आहेत. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेला बदलही जुन्या नोट्समध्ये सापडणार नाही. नोट्सवर साल बघा. साल नसेल तर त्या रद्दीत टाका.

‘परत आल्यावर सहा महिने दिल्लीत जाऊन बसायचं, होऊन जातं.’ हे तिसरं पालुपद. दिल्लीतलं गौतमनगर, तिथल्या पीजी खोल्या, रात्री दोनपर्यंत उघड्या लायब्ररी यांचं एक आकर्षण असतं. काही जणांचं तिथं खरंच होऊनही जातं. पण विषय एकोणीस आहेत. सहा महिन्यांत एकोणीस विषयांची उजळणी होते, एकोणीस विषय नव्याने शिकता येत नाहीत. क्रॅश कोर्स विकणारा हा फरक सांगत नाही, कारण त्याचा ग्राहक दुसऱ्या प्रकारातला असतो. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तीन विषयांना प्रत्येकी १७, मिळून ५१ गुण आहेत. हे विषय पहिल्या दोन वर्षांत शिकवून होतात आणि परीक्षा येईपर्यंत पार विसरलेले असतात. त्या त्या वर्षी, तिथल्या परीक्षेच्याच सोबत, त्या विषयाचे एफएमजीई पद्धतीचे प्रश्न सोडवले तर शेवटी काम हलकं होतं. मानसोपचार, त्वचारोग, भूल, अस्थिरोग, क्ष-किरण निदान, किरणोपचार या छोट्या विषयांना पाच-पाच म्हणजे तीस गुण. मुलं यांना ‘शॉर्ट सब्जेक्ट्स’ म्हणतात आणि शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. १४२ गुणांवर अडकलेल्याने आपले आठ गुण कुठे गेले ते इथे शोधावं.

अ‍ॅपवरची लेक्चर्स पाहणं म्हणजे अभ्यास, हाही त्यातलाच भ्रम. दीडपट वेगाने व्हिडिओ संपवल्याचं समाधान मोठं असतं. पण परीक्षेत मिनिटाला एक प्रश्न आहे : सकाळी दीडशे, दुपारी दीडशे, प्रत्येक भागाला अडीच तास. २०२४ पासून बोर्डाने पेपरचे वेळेला बांधलेले विभाग केले आहेत, एका विभागाची वेळ संपली की मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. ‘अवघड प्रश्न खुणा करून ठेवू, शेवटी बघू’ ही बारावीपासूनची सवय इथे महागात पडते. पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा, मुलांच्या भाषेत जीटी, घड्याळ लावून दिल्याशिवाय ती सवय मोडत नाही.

भाषेबद्दल एक उलटी गोष्ट सांगायला हवी. परीक्षा इंग्रजीत, वर्ग इंग्रजीत, मग रशियन किंवा जॉर्जियन शिकण्यात वेळ का घालवा, असं हुशार मुलांनाही वाटतं. तिसऱ्या वर्षानंतर वॉर्ड सुरू होतो आणि पेशंट इंग्रजी बोलत नाही. भाषा न आलेला मुलगा मग खाटेपासून चार पावलं लांब उभा राहून मोबाइलवर प्रश्न सोडवत बसतो. प्रश्न आता बहुतेक एखाद्या रुग्णाच्या गोष्टीच्या रूपात येतात. छातीत दुखणाऱ्या माणसाशी स्वतः बोललेल्याला त्या गोष्टीतला कळीचा शब्द चटकन दिसतो. भाषेचे तास बुडवून वाचवलेला वेळ असा दामदुपटीने परत जातो.

पेपर फुटल्याच्या बातम्यांबद्दल थोडक्यात. टेलिग्रामवर पैसे घेऊन ‘खरा पेपर’ देणारे प्रत्येक सत्राला उगवतात. बोर्डाने यांच्याविरुद्ध जाहीर इशारेही दिले आहेत. बोर्ड आपल्या प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. बाजारात मिळतात ते उमेदवारांनी आठवून सांगितलेले प्रश्न, ‘रिकॉल’. विषयाचा रोख कळायला ते उपयोगी, उत्तरासकट पाठ करायला धोकादायक. आठवणारा अर्धा प्रश्न विसरलेला असतो.

आता नियमांकडे. ‘आता नेक्स्ट येणार, एफएमजीई जाणार, थांबू या’ असं म्हणत काही जण सत्रं वाया घालवतात. नॅशनल एक्झिट टेस्टची, म्हणजे नेक्स्टची, तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात आहे, हे खरं. पण ती परीक्षा पुढे ढकलली गेली आणि २०२५ मध्येही परदेशातून आलेल्यांनी एफएमजीईच दिली आहे. जी परीक्षा समोर आहे ती द्यावी.

पास झालं की डॉक्टर, हीही घाई. पास झाल्यावर राज्य वैद्यकीय परिषदेकडे, आपल्याकडे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, तात्पुरती नोंदणी, मग भारतात बारा महिन्यांची इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर प्रवेश घेतलेल्यांना तिकडची बारा महिन्यांची इंटर्नशिपही हवी आणि इकडचीही. त्यानंतर नीट-पीजी देऊन एमडी-एमएसला जाता येतं. ‘परदेशातून आलेल्यांना पीजी मिळत नाही’ यात तथ्य नाही. आणि नोंदणीशिवाय एखाद्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला बसलं तर चालतं, असं कुणी सांगितलं तर कानावर हात ठेवा. आयोगाच्या कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ७३ परदेशी पदवीधरांवर गुन्हा नोंदवला. एफएमजीई पास न होताच राज्य परिषदांकडे नोंदणी मिळवल्याचा आरोप होता. मधल्यांनी पैसे घेतले असतील, नाव मात्र मुलांचं लागलं.

सगळ्यात महागडी समजूत शेवटी, कारण ती विमानात बसण्याआधीची आहे : ‘युनिव्हर्सिटी एनएमसी अप्रूव्ह्ड आहे.’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशातल्या कॉलेजांना मान्यता देत नाही आणि तशी यादीही काढत नाही. वैद्यकीय कॉलेजांच्या वर्ल्ड डिरेक्टरीत नाव असणं म्हणजे कॉलेज अस्तित्वात असणं, त्यापलीकडे काही नाही. आयोगाने २०२१ मध्ये अटी घातल्या आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, एकाच संस्थेत, इंग्रजी माध्यमातून. इंटर्नशिप बारा महिन्यांची, तिथेच. आणि ती पदवी त्या देशात तिथल्या नागरिकांना मिळते तसा डॉक्टरकीचा परवाना मिळण्यास पात्र हवी. अभ्यासक्रम पुरा करायला प्रवेशापासून कमाल दहा वर्षं. यातली एक अट चुकली, तर परीक्षेची तयारी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, कारण अपात्र पदवीवर नोंदणीच मिळत नाही.

म्हणून पालकांनी एजंटाकडे वसतिगृहाचे फोटो आणि मेसमधल्या भारतीय जेवणाची हमी मागण्याआधी या अटींची उत्तरं विद्यापीठाच्या लेटरहेडवर लेखी मागावीत, त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेल करून ती पडताळावीत आणि आयोगाच्या संकेतस्थळावरच्या सूचना वाचाव्यात. ‘कागद नंतर देतो, आधी सीट बुक करा’ असं उत्तर आलं, तर ती सीट सोडून द्या.