आपली रजा आणि मॅनेटींची थंडी

आई-बाबा बडोद्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे टँपाला आले, ते ऑक्टोबरमध्ये, दिवाळी धरून. फ्लोरिडात आलेल्या पाहुण्यांना डिस्नी सगळेच दाखवतात, आपण काहीतरी वेगळं दाखवू, म्हणून मी क्रिस्टल रिव्हरची सहल ठरवली. हे छोटं गाव टँपाच्या उत्तरेला गाडीने दीड तासावर आहे. तिथल्या किंग्ज बे या खाडीत स्नॉर्केलिंगचा मुखवटा लावून मॅनेटी, म्हणजे समुद्रगायी, पाण्यातच पाहता येतात. मी सोयीचा शनिवार पाहिला, बोटीचे दर पाहिले आणि बुकिंग करून टाकलं. पाण्याचा विचार मात्र केला नाही.

तीन तास बोटीत बसून आम्हाला काय दिसलं? दूरवर एक करडं नाक वर आलं, ‘फुस्स’ करून श्वास सोडला आणि पुन्हा बुडालं. सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "संपलं?" बाबा हसून म्हणाले, "अरे, आपल्या विश्वामित्रीत याहून जास्त मगरी दिसतात!"

चुका शोधणं हा माझा रोजचाच धंदा, त्यामुळे घरी येऊन वाचायला बसलो. चूक बोटवाल्याची नव्हती, माझीच होती.

मॅनेटी दिसायला गलेलठ्ठ. लांबी तीन मीटरच्या आसपास, वजन चार-पाचशे किलो. पण तिच्या अंगावर देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो आणि शरीरात उष्णताही फार कमी तयार होते. पाणी 20 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं, तर ती आजारी पडते, मरतेही. म्हणून हिवाळ्यात मेक्सिकोचं आखात गार पडलं की मॅनेटी किंग्ज बेमध्ये येतात. या खाडीच्या तळाशी गोड्या पाण्याचे कितीतरी झरे आहेत आणि त्यांचं पाणी बाराही महिने साधारण 22 अंश असतं. उन्हाळ्यात ते आपल्याला गार वाटतं, पण थंडीत मॅनेटींसाठी तीच शेकोटी असते. ऑक्टोबरमध्ये सगळा समुद्रच कोमट असतो. शेकोटीपाशी येणार कोण?

म्हणून दुसऱ्या वेळी मी सुट्टीच्या तारखा बाजूला ठेवल्या आणि पाण्यावर नजर ठेवली. 15 नोव्हेंबर ते 31 मार्च हा तिथला मॅनेटींचा हंगाम, पण हंगामातलाही प्रत्येक दिवस सारखा नसतो. एका गार सकाळीने काम भागत नाही, सलग काही रात्री थंड जाव्या लागतात. हवेपेक्षा आखातातल्या पाण्याचं तापमान पाहावं. भरतीच्या वेळाही पाहाव्यात, कारण उथळ वाटांवर पाणी चढलं की मॅनेटींची ये-जा सोपी होते. आणि सकाळी पहिल्या बोटीने जावं. दिवस चढला की त्या चरायला बाहेर पडतात, शिवाय माणसांच्या पायांनी तळाचा गाळ उठून पाणी गढूळ होतं.

संक्रांतीच्या सुमाराला तशी थंडी पडली. मी दोन दिवस आधी रजा टाकली आणि पहाटे चारला सगळ्यांना उठवलं. आई कुरकुरत म्हणाली, "अरे, एवढ्या गारठ्यात कोणी नदीत उतरतं का?"

बोटीवर पोहोचलो तर बोटवाल्याने सांगितलं, थ्री सिस्टर्स हे झऱ्यांचं ठिकाण आज माणसांसाठी बंद आहे. मॅनेटींची आत फार गर्दी झाली आहे, उतरायचं तर बाहेर खाडीत. लेकीचा चेहरा पडला. माझाही पडला, खोटं कशाला बोलू? एवढा हिशेब करून अगदी बरोबर दिवस गाठला आणि नेमका त्याच दिवशी दरवाजा बंद!

आईने नातीला जवळ घेतलं. "थंडीने काकडून कोणी शेकायला बसलं असेल, तर त्याला उठवतात का गं?"

वेटसूट घालून बायको, लेक आणि मी खाडीत उतरलो. नियम बोटीवरच समजावले होते. पाण्यावर पालथं पडून नुसतं तरंगायचं, पाय मारायचे नाहीत, पाठलाग करायचा नाही, झोपलेलीला जागं करायचं नाही आणि दोऱ्या बांधलेल्या राखीव जागेत शिरायचं नाही. आम्ही हात छातीशी धरून तरंगत राहिलो. बऱ्याच वेळाने तळाशी एक करडी सावली सरकली, तिच्या कुशीला पिल्लू. पाठीवर पांढरे समांतर वळ होते, बोटीच्या पंख्याने झालेल्या जखमांचे. अशा वळांवरूनच अभ्यासक एकेक मॅनेटी ओळखतात. दोघी श्वास घ्यायला वर आल्या आणि निघून गेल्या. लेकीने मुखवटा काढला आणि कुजबुजली, "मी हात नाही लावला हं."

नंतर थ्री सिस्टर्सला जमिनीवरून गेलो. झऱ्यांभोवती लाकडी पायवाट आहे, तिथून आई-बाबांनाही आरामात पाहता आलं. निळ्या काचेसारख्या पाण्यात मॅनेटी एकमेकींना खेटून निजल्या होत्या. आम्ही मोजायला लागलो आणि पन्नासनंतर सोडून दिलं. बाबा कठड्याला टेकून कितीतरी वेळ उभे होते. पाण्यात उतरून जे दिसलं त्याहून हे दृश्य मोठं होतं, आणि त्यासाठी कोणालाच जागा सोडावी लागली नव्हती.

त्या जागेची किंमत मला नंतर कळली. 2017 मध्ये अमेरिकेने मॅनेटींना ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ या यादीतून काढून ‘धोक्यात’ या खालच्या वर्गात टाकलं. पण 2021 या एकाच वर्षात फ्लोरिडात सुमारे 1,100 मॅनेटी मेल्या. पूर्व किनाऱ्यावर प्रदूषणाने समुद्रगवत मरून गेलं आणि कित्येक उपाशी मेल्या. किंग्ज बेमध्ये मात्र लोकांनी तळावरचं शेवाळ उपसून पुन्हा गवत लावलं आहे.

आपल्याकडेही मॅनेटींच्या नात्यातला एक प्राणी आहे, ड्युगाँग. तो मन्नारच्या आखातात, अंदमानात आणि आपल्या कच्छच्या आखातात राहतो, समुद्रगवतावरच जगतो आणि फार थोडा उरला आहे. 2022 मध्ये तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात त्याच्यासाठी देशातलं पहिलं राखीव क्षेत्र केलं. बाबांचं सगळं आयुष्य गुजरातेत गेलं, पण त्यांना हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

तेव्हा मंडळी, हिवाळ्यात फ्लोरिडाला आलात तर क्रिस्टल रिव्हरला जरूर जा. हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, थंडी पडली की निघा. आणि झरा बंद असल्याचं कळलं तर हिरमुसू नका. आपण बरोबर दिवशी आलो आहोत असं समजा आणि पायवाटेकडे वळा.