ढाल-ढेकणांची कुले आणि डीएनएचा पुरावा

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेरा हे सह्याद्रीच्या पश्चिम अंगास वसलेले गाव होय. जव्हार-मोखाड्याच्या या डोंगराळ मुलखात भात, नागली व वरई ही मुख्य पिके. अशा प्रदेशातील शेतांत, वेलांवर व रानझाडांवर ढालीसारख्या रुंद पाठीचे आणि डिवचताच उग्र दर्प सोडणारे ढेकूण आढळतात. प्राणिशास्त्रात त्यांचा समावेश ‘पेंटाटोमॉइडिया’ या अधिकुलात होतो. जगात त्यांच्या ७,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. यांपैकी कोण कोणाचा आप्त, हे ठरविणे मात्र दिसते तितके सोपे नाही.

डिस्टंट यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेच्या १९०२ च्या खंडात हे बहुतेक सर्व ढेकूण एकाच कुलात घालून त्याची उपकुले पाडली. पुढे यांतील अनेक उपकुलांना स्वतंत्र कुलाचा दर्जा मिळाला. या विभागणीचा आधार शरीररचना हाच होता: शृंगिकांचे व पावलांचे सांधे, पंखांवरील शिरा आणि पाठीवरील ‘स्कुटेलम’ नावाचा फलक. हिरव्या ‘नेझारा’ ढेकणात हा फलक त्रिकोणी व आखूड असतो. वालावरील गोलसर ‘कोप्टोसोमा’ आणि धातूसारखा चमकणारा ‘क्रायसोकोरिस’ या दोहोंत मात्र तो जवळजवळ सर्व उदर झाकतो. तेवढ्यावरून त्यांस सख्खे भाऊ मानावे, तर पहिल्याच्या पावलास दोन सांधे व दुसऱ्याच्या पावलास तीन! मग ढालीची साक्ष खरी मानावी की पावलाची?

येथे डीएनएचा पुरावा उपयोगी पडतो. त्याची रीत समजण्यास पोथ्यांचा दृष्टांत पुरेसा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. एका नकलेत शिरलेला वेगळा पाठ तिच्यावरून उतरलेल्या सर्व नकलांत येतो. म्हणून समान पाठभेदांवरून पोथ्यांची घराणी लावता येतात. डीएनए ही चार अक्षरांची पोथी होय. पिढ्यान्पिढ्या तिची नक्कल होताना झालेले बदल वंशजांत उतरतात, आणि समान बदलांवरून समान पूर्वजाचे अनुमान करता येते.

तथापि सर्व जनुके सारख्या गतीने बदलत नाहीत. तंतुकणिकेतील ‘सीओआय’ हे जनुक तुलनेने लवकर बदलते, म्हणून निकटच्या जाती ओळखण्यास ते सोयीचे. केंद्रकातील ‘१८एस’ व ‘२८एस’ ही रायबोसोमची जनुके सावकाश बदलतात. कुलांमधील प्राचीन नात्यांसाठी त्यांचा आधार घ्यावा लागतो. ग्रॅझिया, शू व व्हीलर यांनी २००८ मध्ये अशा जनुकांची साक्ष शरीरलक्षणांबरोबर तपासली. तेव्हा युरोस्टायलिडी हे कुल मूळ खोडापासून सर्वांत आधी फुटलेल्या शाखेचे ठरले. तसेच जमीन उकरणाऱ्या ढेकणांचे ‘सिडनिडी’ हे कुल, डॉलिंग यांनी १९८१ मध्ये आखलेल्या व्यापक मर्यादेत, एकवंशीय ठरले नाही. उकरण्याजोगे पाय व काळसर देह हे एका जीवनक्रमाचे द्योतक असू शकते. ते एका घराण्याचे प्रमाण नव्हे. तीच गोष्ट मोठ्या ढालीची.

डीएनएची साक्षही निरपवाद नाही. दोन लेखकांच्या हातून एकच चूक स्वतंत्रपणे घडावी, तसा एकच बदल दोन वंशांत घडू शकतो. म्हणून अनेक जनुके व शरीरलक्षणे एकत्र पाहणेच इष्ट.

या विवेचनाचा शेताशीही संबंध आहे. पेंटाटोमिडी या कुलात पिकाचा रस शोषणारा नेझारा आहे, तसाच अळ्यांचा फडशा पाडणारा ‘इओकँथेकोना’ही आहे. पहिल्याची सोंड बारीक, दुसऱ्याची जाड. परंतु पानावरील अंडी किंवा नुकतीच बाहेर पडलेली पिले पाहून शत्रू-मित्र ओळखणे कठीण. अशा वेळी सीओआयचा तुकडा निर्णय देऊ शकतो. पश्चिम घाटातील ढेकणांची अशी जनुकीय नोंद टेंबे, शौचे व घाटे यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केली.

मात्र ताडून पाहण्यास जाणकाराने ओळखलेला मूळ नमुना हवा. तो नसेल तर अक्षरे वाचूनही नाव सांगता येत नाही. म्हणून पोशेऱ्यासारख्या गावच्या बांधावर वेचलेला, स्थळ, तिथी व वनस्पती यांच्या नोंदीसह जपलेला एकेक ढेकूण प्रयोगशाळेतील यंत्राइतकाच मोलाचा आहे.